नोल्बेर्तोकाकांनी दाबलेलं बटण

चिलोए नावाच्या मोठ्या बेटाजवळच्या आल्काय बेटावर शेजारी मंडळाची एक वेबसाइट होती, पण ती केव्हाच गोठून बसली होती. बनवून देणारा माणूस उत्तरेकडे खाणीत नोकरीला गेला आणि तिच्यात बदल करणं दुसऱ्या कुणाला जमेना. बोटीची जुनीच वेळ तिथे दिसत राहिली. ती वाचून लोक धक्क्यावर यायचे आणि पावसात कुडकुडत बसायचे. शेवटी मंडळाने नवी वेबसाइट करायचं ठरवलं आणि ती कुठल्या प्रणालीवर उभी करायची, हे ठरवण्याचं काम एदेल्मिराच्या गळ्यात पडलं.

एदेल्मिरा मंडळाची चिटणीस. सारा जन्म शाळेत गाणं शिकवण्यात गेलेला, प्रोग्रामिंगचा गंध नाही. तिने कास्त्रो शहरात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या गामालिएलला, भाचीच्या नवऱ्याला, फोन लावला. त्याने उत्साहाने तीन प्रणाली सुचवल्या आणि प्रत्येकीचे गुण सांगण्यात तासभर घालवला. एदेल्मिराला त्यातलं निम्मंही कळलं नाही.

"मावशी, पहिलीच घ्या," तो म्हणाला. "तिच्यात काय वाट्टेल ते करता येतं."

"मला काय वाट्टेल ते करायचंच नाहीये रे," ती म्हणाली. "उद्या मी आजारी पडले तर बोटीची वेळ कोण बदलणार, एवढंच सांग."

तो पुन्हा पहिलीचेच गुण सांगू लागला. मग तिनेच युक्ती काढली. गामालिएलकडून तिन्ही प्रणालींवर एकेक कच्चं पान उघडून घेतलं आणि रविवारी शेजाऱ्यांना स्वयंपाकघरात चुलीपाशी बोलावलं. काम एकच: बोटीची वेळ बदलायची आणि एक फोटो चढवायचा.

पहिल्या प्रणालीत इतके कप्पे उघडत गेले, की विणकाम करणारी रोसेन्दा शेवटी म्हणाली, हिच्यापेक्षा गुंतलेली लोकर बरी. दुसरी दिसायला देखणी होती, पण बेटावरच्या कमकुवत नेटवर्कवर तिचं चाक फिरतच राहिलं. शिवाय उद्या सोडून जायचं म्हटलं तर लिहिलेला मजकूर बाहेर काढता येत नाही, असं गामालिएलने फोनवर जरा ओशाळूनच कबूल केलं. तिसरी अगदी साधी होती. लिहायला एक चौकोन, फोटोला एक बटण, प्रसिद्ध करायला एक बटण.

तिसरीवर बसायची पाळी नोल्बेर्तोकाकांची होती. काका पंचाहत्तरीचे, विधुर, फारसे न बोलणारे. त्यांचं लाकडी घर कड्याच्या टोकाला आलं होतं आणि समुद्र खालची माती खात होता. ते घर, तिकडच्या जुन्या रीतीप्रमाणे, अख्खंच्या अख्खं ओढून वर टेकडीवर, लेकीच्या घराशेजारी न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण मदत मागायला जीभ रेटत नव्हती. बोटीची वेळ राहिली बाजूला. काका एका बोटाने, हळूहळू, भलतंच काही लिहू लागले. एदेल्मिरा मागे उभी राहून वाचत होती. "माझं घर वर न्यायचंय. पुढच्या शनिवारी. बैल असतील त्यांनी आणावेत. नसतील त्यांनी हात आणावेत. जेवण माझ्याकडे." खाली त्यांनी घराचा फोटो लावला आणि बटण दाबून टाकलं.

"काका, हे तर सगळ्या जगाला दिसेल," एदेल्मिरा म्हणाली.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "मग दिसू दे," ते म्हणाले. "तोंडाने सांगायला मला जमलं नसतं."

कच्चं पान कोण बघतंय, असं गामालिएल म्हणाला. पण रोसेन्दाने ते बहिणीला पाठवलं, बहिणीने फुटबॉलच्या संघाला, आणि संघाने पलीकडच्या बेटांना. शनिवारी सकाळी धुकं विरलं तर धक्क्यावर बोटींना जागा पुरेना. एका पडावातून तर बैलजोडी उतरली. ओळखीची नसलेली माणसं काकांना मिठ्या मारत होती, आणि काका प्रत्येकाला "जेवून जा हं" एवढंच म्हणत होते.

घराखाली ओंडके घातले, दोर बांधले, बैल जुंपले. मधल्या चढावर घर अडलं, कुरकुरलं, एका अंगाला कललं. मग एदेल्मिराने वर्गात धरायची तसा ताल धरला, त्या तालावर माणसं आणि बैल एकदम ओढू लागले, आणि घर डुलत डुलत टेकडी चढलं. लेक अंगणात उभी राहून रडत हसत होती. काका घराच्या भिंतीला हात लावून सोबत चालत आले होते. थांबल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे पानांखाली शिजत होते. माणसं ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त आली होती, पण येताना प्रत्येकाने काहीतरी आणलं होतं, त्यामुळे अन्न उरलं. सफरचंदाच्या दारूचे पेले फिरले, अकॉर्डियन निघाला, आणि एदेल्मिराने कास्त्रोहून आलेल्या गामालिएललाही नाचायला ओढलं.

मंडळाच्या बैठकीत ठराव मांडायची वेळच आली नाही. तोवर तिसऱ्या प्रणालीवरच्या त्या कच्च्या पानावर कुणी कालवड हरवल्याची खबर टाकली होती, रोसेन्दाने मोजे विकायला ठेवले होते, आणि बोटवाल्याने स्वतःच नवी वेळ लिहिली होती. शुद्धलेखन भयंकर होतं. एदेल्मिरा ते सुधारायला बसली, दोन ओळी वाचल्या, एकटीच हसली आणि सगळं होतं तसंच राहू दिलं.