रंगूच्या नावाची ओवी

राजेश्वरी नगरहून वर्ग करून परतली ती माहेरून ओटी भरून आलेल्या लेकीसारखी. पिशवीत निळी फाईल, मोबाईलमध्ये फळ्याचे फोटो आणि अंगात नुसती घाई. गावच्या वाचनालयात ती आधी मदतनीस होती. ज्यांनी सारा जन्म त्या दोन खोल्यांत काढला ते सूर्यभान नाना आषाढात गेले आणि किल्ली हिच्या कमरेला आली. पण किल्ली आली म्हणून कुणी ग्रंथपाल होत नाही, हे तिला ज्यानं त्यानं ऐकवून झालं होतं. कमिटीनं जरा आडून, सासूनं सरळ तोंडावर.

"नाना व्हते तवर वाचनालय व्हतं," केशरबाई म्हणायची. "आता नुसतं कुलूप हाय, आन् कुलपाला सून हाय."

म्हणून दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा उजळणी वर्ग निघाला, तेव्हा राजेश्वरीनं नाव दिलं. तिथं राधाकृष्ण सर शिकवायला होते. गोड बोलायचे, हसवायचे. पुस्तकांची नोंद संगणकावर कशी चढवायची ते शिकवलं, आणि मग निर्लेखन शिकवलं. म्हणजे निरुपयोगी झालेली पुस्तकं रीतसर नोंदीतून कमी करून काढून टाकायची.

"तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या ना?" सर म्हणाले. "मग खुरपणी मी काय शिकवू तुम्हाला! पुस्तकाच्या मागची तारखेची चिठ्ठी बघा. वर्षानुवर्षं कोरी? कुणी नेलंच नाही? काढा बाहेर. पिकाला श्वास घेऊ द्या."

वर्ग हसला. राजेश्वरीच्या मनात ते बी टोकल्यासारखं बसलं.

शेवटच्या दिवशीचा शेवटचा तास मात्र तिला मिळाला नाही. दौंडकडची एसटी चुकली तर नगरात मुक्काम पडला असता. लांबचे सगळेच उठले. पाथर्डीकडचा गोरक्ष नावाचा ग्रंथपाल तर फाईल काखेत मारून पळतच सुटला. सर म्हणाले, "जा, जा, गाडी चुकवू नका. राहिलेलं मी ग्रुपवर टाकतो." टाकलंही त्यांनी. पण त्या रात्री ग्रुपवर वर्गाचे इतके फोटो आले, पणत्यांची इतकी चित्रं आली की ते कुठं खाली गेलं, ते कुणी पाहिलंच नाही.

गावी येऊन तिनं पदर खोचला. नानांच्या मागं कपाटांत नुसती गर्दी झालेली. एकेक पुस्तक ओढायचं, मागचं पान उघडायचं, चिठ्ठी कोरी दिसली की खाली ठेवायचं. पुढचं पान बघायला वेळ कुणाला होता? धुळीनं तिचे केस पांढरे झाले. कमिटीचा ठराव झाला, पोती भरली, काष्टीच्या रद्दीवाल्याचा टेम्पो आला आणि गेला. मोकळ्या फळ्यांवर तिनं ओलं फडकं फिरवलं. उजेड थेट भिंतीपर्यंत पोचला. अध्यक्षसुद्धा म्हणाले, "आता कसं वाचनालय दिसतंय!" बऱ्याच दिवसांनी त्या रात्री राजेश्वरीला गाढ झोप लागली.

दिवाळी सरली. साखर कारखान्याचा भोंगा वाजला. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, आणि गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या कोप्या, उसाच्या वाळक्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. बाजाराच्या पहिल्याच दिवशी एक म्हातारी वाचनालयाच्या पायरीशी आली. पायातल्या वहाणा तिनं देवळाबाहेर काढाव्या तशा बाजूला काढल्या.

"नाना न्हाईत व्हय?"

"नाना गेले, आजी. आषाढात."

म्हातारी पायरीवर बसली. बराच वेळ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. उसाची एक गाडी गेली, दुसरी गेली.

"आमाला कोन सांगनार तिकडं," ती हळूच म्हणाली. "मागल्या साली जाताना म्हनले हुते, रंगुबाई, पुढल्या खेपंला चष्मा बदलून ठिवतो, तुझ्या आईचा छापा लई बारीक हाय."

"आईचा छापा?"

"ते पिवळ्या पुठ्ठ्याचं न्हाई का? पातळसं. वर जातं काढलंय बघ. त्यात माझ्या आईच्या ओव्या हायेत. नाना वाचायचे, मी ऐकायची. पोरं बाजार करून येस्तोवर मी हितंच, या पायरीवर."

राजेश्वरीच्या तळहाताला ते पिवळं पुस्तक आठवलं. डोक्याच्या आधी हातालाच आठवलं. किती हलकं होतं ते! मागची चिठ्ठी स्वच्छ कोरी. तिनं ते पोत्यात टाकलं नव्हतं, पोत्यातल्या फटीत सारलं होतं, जागा वाया जाऊ नये म्हणून.

"तुम्ही घरी का नेलं नाही कधी, आजी? नावावर घेऊन?"

रंगुबाई हसली. "मला वाचता येतंय व्हय? आन् तोडकऱ्याला मेंबर कोन करनार, बाई? आज हाय, उद्या कोपी मोडली की न्हाई."

मग म्हातारीनं सगळं सांगितलं. कोपीत सांगावं तसं, घाई न करता. तिची आई याच गावच्या शिवारात तोडीला आली होती. तेव्हा गावात एक मास्तरीणबाई होत्या. त्या पहाटे कोप्यांवर यायच्या, दळणाऱ्या बायांच्या तोंडच्या ओव्या लिहून घ्यायच्या. रंगूच्या आईजवळ ओव्यांचं भांडारच होतं. त्याच हंगामात तिला ताप भरला, आणि ती इथल्याच माळावर वारली. पुढं मास्तरीणबाईंनी ओव्यांचं पुस्तक छापलं, एक प्रत वाचनालयात ठेवली. रंगू मोठी होऊन स्वतः कोयता घेऊन या गावी आली, तेव्हा सूर्यभान नानांना तिचं नाव कळलं, आणि त्यांनीच तिला हाक मारून पायरीवर बसवलं.

"तिचा फोटू न्हाई," रंगुबाई म्हणाली. "तोंड मला आठवत न्हाई. नुसता तिच्या लुगड्याचा वास आठवतो, धुराचा. पन एका ओवीत ती माझं नाव घेती. रंगू म्हनती. तेवढं ऐकलं का माझं साल जातं. वाच की." आणि तिनं आपणच एक ओवी म्हटली.

कोयत्याच्या धारंला उजाडलं गं उजाडलं,
वाढ्याच्या मोळीखाली माहेर माझं दडलं

"ही एक मला पाठ हाय. बाकीच्या ऱ्हात न्हाईत डोक्यात. म्हातारपन चाळनीवानी असतंय. वाच."

राजेश्वरीच्या तोंडून शब्द निघून गेला. "बांधायला टाकलंय, आजी. पानं सुटली होती."

"मग नीट बांधाया सांग. मला घाई न्हाई. पट्टा पडस्तोवर, कारखाना बंद हुईस्तोवर मी हितंच हाय."

म्हातारी वहाणा घालून बाजाराकडं गेली. राजेश्वरी मोकळ्या फळ्यांसमोर उभी राहिली. त्या फळ्या तिला पहिल्यांदा रिकाम्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी ती काष्टीला रद्दीवाल्याकडं गेली. तो वजनकाट्यावर पाय ठेवून चहा पीत होता. "वहिनी, तो माल कधीच मिलला गेला," तो म्हणाला. "आता त्याचा पुठ्ठा झाला असंल. चपलांची खोकी व्हत्यात त्याची." तो वाईट बोलला नव्हता. तिला रिकाम्या हातानं जाताना बघून त्यानं चहाही विचारला.

मास्तरीणबाई कधीच वारल्या होत्या. मागं मूलबाळ नव्हतं. श्रीगोंद्यात ज्या छापखान्यात पुस्तक छापलं होतं तिथं मोबाईलच्या काचा बसवून मिळत होत्या. मग तिनं वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'ओव्यांचं पातळ पुस्तक, पिवळा पुठ्ठा, वर जात्याचं चित्र. कुणाकडे असेल तर कृपा करून कळवा.'

वर्गातली माणसं चांगली होती. राहुरीची ताई कपाटं धुंडाळून आली, नाही म्हणाली. कर्जतकडच्या एकानं माळ्यावरचे गठ्ठे सोडले, नाही म्हणाला. नेवाशाच्या एकीनं दुसऱ्याच ओव्यांचं पुस्तक शोधून फोटो पाठवला. राजेश्वरी भाकरी थापतानाही मोबाईल चुलीशी ठेवायची. एकदा संध्याकाळी तो वाजला. गोरक्षचा फोन होता.

"ताई, ते पुस्तक आमच्याकडं होतं."

"होतं?" तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"मास्तरीणबाईंनीच पाठवलेलं, ओव्या सांगणाऱ्या बायांच्या गावाला एक असावं म्हणून. मी वर्गातून आलो ना, त्याच आठवड्यात काढलं. चिठ्ठी कोरी होती. उघडून बघितलं नव्हतं, ताई. आता आत आपल्याच गावच्या बायांची नावं होती असं म्हातारी माणसं सांगतायत. मी काय तोंड दाखवू?"

कोण कुणाचं सांत्वन करणार! भाकरीचा कोळसा झाला.

त्याच संध्याकाळी राधाकृष्ण सरांनीही फोन केला. आवाज खाली गेलेला. "राजेश्वरी, शेवटच्या तासाला मी तेच शिकवलं होतं. काय काढायचं नाही ते. स्थानिक लोकांचं, आपल्या भागात छापलेलं, ज्याची दुसरी प्रत मिळणार नाही, त्याला चिठ्ठी कोरी असली तरी हात लावायचा नाही."

"शेवटच्या तासाला आम्ही गाडीत होतो, सर."

मग सर म्हणाले, "मीच जा म्हणालो होतो."

केशरबाईनं हे सगळं चुलीमागून ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात ओढून घेतली. "कोवळी बाजरी आन् गवत सारखंच दिसतं," ती म्हणाली. "पहिल्या खुरपणीला मीबी लई बाजरी उपटली व्हती. माझ्या सासूनं खुरप्याच्या मुठीनं हाणलं व्हतं. तुला कोन हाणनार? जा, त्या बाईला सांगून मोकळी हो."

पण सांगणं म्हणजे काय भाकरी उलटणं आहे? रंगुबाई बाजाराच्या दिवशी यायची, वहाणा काढायची, विचारायची, "आलं का बांधून?" राजेश्वरी म्हणायची, "अजून नाही, आजी." एकदा तिनं नेवाशाहून मागवलेल्या पुस्तकातल्या ओव्या वाचून दाखवल्या. म्हातारीनं मान डोलवत सगळ्या ऐकल्या.

"चांगल्या हायेत," ती म्हणाली. "पन ह्या बाईची आन् माझी वळख न्हाई."

ऊस सरत आला. माळावरून वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे कमी झाले, फडांतलं पाचट जळू लागलं, वाऱ्यावर काळी राख गावभर उडू लागली. कारखान्याचा पट्टा पडला. कोप्यांची मोडामोड सुरू झाली. बाजाराचा दिवस नव्हता, तरी राजेश्वरी वाचनालयाला कुलूप लावून माळावर गेली.

रंगुबाई कोपीचे बांबू सोडत होती. तिचा लेक बिभीषण बैल पाजायला गेला होता. गाडीत भांडी, गोधड्या, एक कोंबडी पाटीखाली झाकलेली.

"घेऊन आलीस?" म्हातारीनं तिच्या हातांकडं बघितलं. हात रिकामे होते.

राजेश्वरीनं उभ्या उभ्याच सांगितलं. बांधायला टाकलं नव्हतं, टाकूनच दिलं होतं. चिठ्ठी कोरी होती म्हणून. रद्दीत. सगळीकडं शोधलं, दुसरीकडचं होतं तेही गेलं.

म्हातारीनं बांबू खाली ठेवला.

"मग तू मला समदा हंगाम पायरीवर का बसवलीस?" तिचा आवाज चिरकला. "इतक्या खेपा? भिकारनीला सांगत्यात तसं, अजून न्हाई, अजून न्हाई? नानानं मला असं कधी क्येलं न्हाई!"

"चुकलं, आजी."

"उघडलं तरी हुतंस का? टाकायच्या आदी?"

राजेश्वरीनं मान हलवली. नाही.

"एकदा उघडायचं की गं," रंगुबाई म्हणाली. राग आटून आता नुसती विनवणीच उरली होती, जणू अजूनही उघडता येणार होतं. "एकदा उघडलं असतंस तर तुला दिसली असती ती. मग टाकवली नसती तुला."

ती गोधड्यांवर बसली. राजेश्वरी जमिनीवर, राखेशेजारी. पलीकडं कुणी तरी गाडीवर सामान बांधत होतं. मग म्हातारी ओठांतल्या ओठांत काही जुळवू लागली.

फडाच्या कडंला पाचटाचं अंथरून,
लेक माझी रंगू बाई...

इथं ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथंच आली. तिसऱ्या वेळी शब्द नव्हते तिथं तिनं चालच पुढं नेली. बिनशब्दांची चाल जात्याच्या पाळीसारखी फिरली आणि जिथं ओवी संपायची तिथं बरोबर संपली. आतला दाणाच नव्हता.

"लेक माझी रंगू बाई काय?" म्हातारीनं विचारलं. कुणाला, ते कळेना. "झोपली? रडली? काय म्हनाली ती मला?"

राजेश्वरीला ओव्या येत होत्या. घरोघरच्या लग्नांत तिनं म्हटल्या होत्या. यमक तर तिच्या जिभेवर येऊन बसलंही होतं. ते तिनं गिळलं. दुसऱ्याच्या आईच्या तोंडी आपला शब्द घालायचा तिचा जीव होईना.

बिभीषण बैल घेऊन आला. "आये, चल, ऊन व्हतंय," म्हणाला. राजेश्वरीकडं बघून त्यानं नमस्कार केला. त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हातारीला त्यानं हाताला धरून गाडीत बसवलं. पाटीखालची कोंबडी ओरडली.

पुढल्या साली या, असं राजेश्वरीच्या ओठांवर आलं. पण कशाला या, ते पुढं सांगता येईना.

"जा," रंगुबाई वरून म्हणाली. आवाजात राग नव्हता, माया आहे की नाही तेही कळत नव्हतं. "लोक आलं असत्याल. उघड जा."

गाडी हलली. माळाच्या उताराला लागेपर्यंत म्हातारीचे ओठ हलत होते.