आबाचा खोकला

"आमच्या घरात खोकला शिरतच न्हाई," एकनाथराव छाती पुढं काढून म्हणाला. "धारेचं दूध पितो आमी. तपासायचं आसंल तर म्होरच्या घराला जा."

त्याचं तोंड मिटतंय न मिटतंय तोच गोठ्यातून खोकला आला. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक उबळ, मग फाटक्या भात्यागत ओढलेला दम. म्हशींनी कान टवकारले.

दवाखान्यातून आलेली दीपाली वहीसारखा चित्रांचा फलक धरून अंगणात उभी होती. इथल्याच हिमायतनगरची पोर, मराठी घरची, पण बोलणं सगळं हैदराबादी.

"आत कोण आहे?"

"आबा," एकनाथरावाची बायको शिल्पा हळूच म्हणाली.

"तर बोलवा ना त्यांना. हौ, त्यांचीबी तपासणी करू."

"ते मागल्या पोळ्याला वारले."

दीपालीच्या हातातून फलक सुटला आणि शेणात पालथा पडला.

हैदराबादेत मुशी नदीच्या काठाला, दिलसुखनगरच्या मागल्या अंगाला आमची उदगीरकडची चार घरं. नदीच्या काळ्या पाण्यावर म्हशींचं गवत पिकवायचं, दूध वर शहरात घालायचं. पाणी असं की हात घातला तर खाज सुटावी, आणि गवत असं की बघत राहावं. दिवस कलला की पाण्यावर फेस उठतो. वाऱ्यानं त्याचे गोळे उडत येतात, गोठ्याच्या पत्र्यावर बसतात आणि हलत राहतात. अशा वेळी आबाचा खोकला ऐकला की अंगावर काटाच यायचा.

आबाला, म्हणजे एकनाथरावाच्या बापाला, टीबी होता. गोळ्या चालू होत्या, पण जरा भूक लागायला लागली तशा त्यानं त्या बंद केल्या. "बरं वाटतंय, आता काईकू?" म्हणाला. आबा गेला, खोकला मागं राहिला.

त्याची बायको सुशीलाबाई सांगायची, "सपनात येत्यात. आल्याचा चहा मागत्यात." मग शिल्पा रोज सांजेला गोठ्याच्या कोपऱ्यात चहाचा निवद ठेवायची. सकाळी कपबशी चाटूनपुसून रिकामी. पुढं आबानं खडीसाखर मागितली, मग अडुळसा. जितेपणी आबानं कधी चहाला तोंड लावलं नव्हतं, पण मेल्यावर माणसाची चव पालटते, असं एकनाथरावानं आम्हाला समजावलं. आम्हाला ते पटलं. आम्ही दिवस मावळायच्या आत दारं लावून घेत होतो.

दीपालीनं फलक उचलला, गवतानं पुसला. म्हणाली, "काका, मेलेला माणूस दम घेत नाही. मग खोकणार कसा?"

आणि ती गोठ्यात शिरली. तिच्या मागं आम्ही. एकनाथरावानं शिल्पाला पुढं घातलं.

गवताच्या पेंढ्यांमागं सुशीलाबाई बसली होती. एका हातात बशी, तोंडात पदराचा बोळा. तिनं बोळा काढला. त्याला लाल डाग होता.

"आई, तू?" एकनाथराव म्हणाला.

"न्हाई, तुजा बाप! चहा पिऊ दे मला. आन ह्या पोरीला घालव. त्यास्नी दवाखान्यात नेलं, आले का माघारी?"

"मावशी, दवाखान्यानं नाही गेले ते. गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून गेले," दीपाली तिच्याजवळ उकिडवी बसली. "तुम्ही त्यांच्याजवळ निजत होता. ते खोकायचे, ती हवा तुमच्या छातीत. म्हणून एकाला झालं की आम्ही सारं घर तपासतो. गोळ्या फुकट आहेत. पुऱ्या घ्या, बऱ्या व्हाल. परेशान नक्को होऊ."

"आन दुधाचं काय?" एकनाथराव कुजबुजला. "गिऱ्हाइकांना कळलं तर दूध खपंल का?"

"आन आत्याबाई खपल्या तर?" शिल्पा म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

छातीचा फोटो काढायची गाडी नाक्यावर आली. सुशीलाबाई गेली, शिल्पा गेली. एकनाथराव दूध नासतंय म्हणून पळाला. पण सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यागत लोंबत होता, ते दीपालीनं हेरलं. मायलेकांच्या हातात तिनं झाकणाची एकेक डबी दिली. "सकाळी उठल्या उठल्या, खोलातून खोकून बेडका काढायचा. थुंकी नक्को."

शिल्पाच्या फोटोत काही निघालं नाही. सुशीलाबाईला टीबी निघाला, गोळ्या चालू झाल्या.

"आणि काका," दीपाली म्हणाली, "तुमच्या डबीत गवत निघालं."

"घाईत पडलं आसंल."

"डॉक्टर विचारत होते, पेशंट काय खातो म्हणून."

"भाकर खातो की!"

आम्ही सगळ्यांनी दावणीच्या म्हशीकडं बघितलं. म्हैस रवंथ करत होती, तोंडाला फेस होता. दीपालीनं गुमान दुसरी डबी दिली. एकनाथरावानं ती खिशात घातली आणि खिशातच ठेवली.

सुशीलाबाईचा खोकला हळूहळू उतरला. भाकरी जायला लागली, शिव्याही पहिल्यासारख्या यायला लागल्या. गोठ्यातला चहा बंद झाला. आबा सुटला म्हणून आम्हीही सांजेला दारं उघडी ठेवायला लागलो.

एका सांजेला अंगणात गवारी मोडत बसलो होतो. पत्र्यावर फेस हलत होता. गोठ्यातून खोकला आला. दोन कोरडे ठसके, एक लांब उबळ, आणि तोच फाटका दम.

सुशीलाबाई आमच्या समोर बसली होती. हातातली शेंग तशीच राहिली तिच्या.

"ह्ये कुटं गेले?" शिल्पानं विचारलं.

सुशीलाबाई उठली. आम्ही तिच्या मागं गेलो.

दावणीपाशी माणूस वाकून उभा होता. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात उघडी डबी, म्हशीच्या तोंडाला लावलेली. तीच पाठ, तोच बाक. मला तर आबाच दिसला. मी शिल्पाच्या मागं सरलो.

"एकनाथा," सुशीलाबाई म्हणाली, "त्येंनीबी आसंच लपवलं व्हतं. काड ती डबी तितनं आन माज्याम्होरं खोक. म्या हुबी हाय हितं."

"मला कायबी झालं न्हा..." एकनाथराव वळला आणि पुढचं त्याला खोकल्यानं बोलू दिलं नाही. खांबाला धरून तो खाली बसला. शिल्पानं आपल्या तोंडाला पदर लावला, त्याला वाऱ्यात बाहेर आणलं आणि दीपालीला फोन केला. फोनवर तिनं आणखी एक डबी मागितली.

आधीची म्हशीनं गिळली होती.