बिशपची मुदतवाढ

"मी परत जाणार," हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर डॉ. सुहासिनीनं रिपोर्ट टेबलावर आपटला.

समोर बसले होते बिशप श्टेफान हलाद. चेकोस्लोव्हाकियातल्या एका कॅथलिक धर्मप्रांताचे प्रमुख, पण नावापुरतेच. कम्युनिस्ट सरकारनं त्यांना आधी तुरुंगात ठेवलं, मग एका खेड्यातल्या घरात, आणि दाराशी पोलीस बसवला. इंग्रजी ते कोठडीतल्या एका मास्तरांकडून शिकले होते. त्यामुळे त्यांचा नकारसुद्धा व्याकरणशुद्ध असे, आणि सुहासिनीचं डोकं आणखीच तडकत असे.

१९८५च्या सप्टेंबरात ते न्यू जर्सीत, ट्रेंटनला, बहिणीकडे आले होते. चर्चच्या पायऱ्यांवर छाती धरून मटकन खाली बसले, म्हणून बहीण मार्गिता त्यांना सुहासिनीकडे घेऊन आली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या.

"बायपासला पर्याय नाही," सुहासिनी म्हणाली. "आणि त्यानंतर निदान दोन महिने विमान नाही."

"देशाबाहेर राहायचा माझा सरकारी परवाना ऑक्टोबरअखेर संपतो. ऑपरेशन जरूर करा, पण मी त्याआधी निघेन."

"छातीचं हाड कापतात, बिशप! ते जुळायला वेळ लागतो. सरकारला विचारून जुळत नाही."

ते नुसतेच हसले. मार्गितानं कपाळाला हात लावला.

त्या आठवड्यात सुहासिनीच्या क्लिनिकचा फोन थांबेना. चर्चची मंडळी म्हणत होती, त्यांना इथंच ठेवून घ्या, आम्ही आश्रय मिळवून देतो. एका टीव्हीवाल्याला पेशंटच्या खाटेशेजारी मुलाखत हवी होती. शेवटी वैतागून तिनं स्वतःच त्यांच्या देशाच्या वकिलातीत फोन लावला. तासभर तरी हुज्जत घालावी लागेल अशी तयारी होती. पण पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, "दोन महिने कशाला? एक वर्ष देतो. हवं तर दोन. त्यांना विश्रांती घेऊ दे."

सुहासिनी उत्साहानं बातमी घेऊन गेली. बिशपांचा चेहरा उतरला.

"एका गावाला फादर द्या म्हणून मी सात वर्षं अर्ज करतोय. साधी पोचसुद्धा आली नाही. आणि तुम्हाला एका फोनवर दोन वर्षं मिळाली. नवल नाही वाटलं?"

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मी इथं राहिलो की ते जाहीर करतील, बिशप पळाला, गादी रिकामी आहे. मग त्यांचा माणूस बसवतील. माझे फादर त्याला रोजची खबर देतील, नाहीतर तुरुंगात जातील. पासपोर्ट मला उगाच नाही मिळाला. तुम्ही त्यांचंच काम करताय डॉक्टर, आणि तेही फुकट."

घरी आल्यावर तिनं सगळा राग नवऱ्यावर, गुरुदत्तवर काढला. "मी यांचा जीव वाचवायला मरमर करतेय आणि मलाच ऐकवतात! इतका स्टबर्न पेशंट नाही पाहिला, यार."

"मग केस सोडून दे," गुरुदत्त भाजी वाढून घेत म्हणाला.

"सोडून कशी देऊ? आणि सगळ्यात चीड कशाची येते माहितीये? त्यांचं बरोबर आहे!"

दुसऱ्या दिवशी ती सर्जनच्या मागे लागली आणि ऑपरेशन त्याच आठवड्यात करवून घेतलं, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत हाड जुळायला निदान काही आठवडे तरी मिळतील. ऑपरेशन चांगलं झालं, पण पेशंट काही सुधारला नाही. चालायला सांगितलं की बिशप वॉर्डभर फिरून इतर रोग्यांना आशीर्वाद देत, आणि झोपायला सांगितलं की उठून बसत. टीव्हीवाल्याला त्यांनी अर्धा तास फक्त ट्रेंटनच्या हवेबद्दल सांगितलं. सरकारविरुद्ध एक शब्द काढला असता तर तिकडे कुणाला तरी भोगावं लागलं असतं.

ऑक्टोबर संपता संपता सुहासिनी त्यांना केनेडी विमानतळावर सोडायला गेली. वाटेत ती एकसारखी बजावत होती: खोकताना छातीशी उशी धरा, गोळी चुकवू नका, पाच पौंडांपेक्षा जास्त वजन उचलू नका. ते मान डोलवत होते, आणि यातलं काही पाळलं जाणार नाही हे तिला दिसत होतं.

"तिकडे पुन्हा पकडलं तर?" तिनं शेवटी विचारलं.

"पकडतील तर बिशपलाच पकडतील. पळून गेलेल्या म्हाताऱ्याला नाही."

मार्गिता त्यांना बिलगून रडली. सुहासिनीलाही रडू येत होतं. त्याचाही तिला राग आला.

प्राग विमानतळावर त्यांना बघून अधिकाऱ्यांची तारांबळ उडाली म्हणे. नवा माणूस जवळजवळ ठरला होता, तो बेत बारगळला. बिशपांना परत त्याच खेड्यात, त्याच पोलिसाच्या नजरेखाली नेऊन बसवलं. शिक्षा म्हणून त्यांची स्वयंपाकीणबाई काढून टाकली.

ईस्टरच्या सकाळी मार्गिताचा फोन आला. भावाशी बोलणं झालं होतं. "मजेत आहे. धर्मप्रांत अजून त्याच्याच नावावर आहे. कोळशाच्या बादल्या स्वतःच वर नेतो."

"बादल्या?" सुहासिनी ओरडली. स्वयंपाकघरातून गुरुदत्त धावत आला. "किती किलोच्या? मार्गिता, आत्ताच्या आत्ता पुन्हा फोन लावा आणि त्यांना सांगा—"

"सांगितलं ना मी," मार्गिता म्हणाली. "म्हणाला, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही."