तळ्याने नेलेली माझी पुंजी

खरं सांगू का मित्रांनो, मला त्या खालच्या तळ्याचा भारी मत्सर वाटतो. मी फिनलंडमधली एक जुनी दलदल आहे. वयाने आम्ही बरोबरीचे, पण लाड सगळे त्याचे! सौनाच्या वाफेतून लालबुंद होऊन निघालेली माणसं धावत जाऊन त्याच्याच कुशीत शिरतात. माझ्याकडे येतात ती फक्त केशरी रानफळं वेचायला, तीही चोरून. जागा शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घरी गेल्यावर माझं नावसुद्धा काढत नाहीत.

माझी श्रीमंती वरून दिसत नाही ना! माझ्यावरचं शेवाळ मरतं, पण थंड पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते नीट कुजत नाही. थरावर थर बसत जातात. शेवाळाने हवेतून घेतलेला कार्बन मी असा हजारो वर्षं गाठीला बांधून ठेवला. कधी कोणी शाबास म्हटलं नाही.

मग माझा मालक तौनो फावडं घेऊन आला. "हिला वाळवलं की इथे पाइनचं जंगल उभं राहील," म्हणाला आणि माझ्या पोटातून सरळ चर खणला. या लोकांना बापजाद्यांपासून हीच खोड. मला वेडीला वाटलं, चला, कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं! पण पाणी उतरलं, थरांत हवा शिरली आणि जपलेलं सगळं कुजू लागलं. त्यातला कार्बन विरघळून पाणी कॉफीसारखं झालं. चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून थेट त्या लाडोबाच्या घशात! कष्ट माझे आणि हा आयत्या बिळावर नागोबा. माझा नुसता जळफळाट झाला.

पण त्याला ते पचलं नाही. पाणी तपकिरी झालं, ऊन खोल जाईना. माझा कार्बन थोडा गाळात बसला, थोडा वायू होऊन हवेत उडाला. तौनोची थोरली बहीण लेम्पी त्या तळ्यावर जाळी टाकून पोट भरते. तिची जाळी बुळबुळीत होऊन रिकामी येऊ लागली. खोटं कशाला बोलू, तळ्याची फजिती ऐकून मला गुदगुल्या झाल्या.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एका सकाळी लेम्पी बादली घेऊन ओढ्याकाठाने चढत माझ्यापर्यंत आली. तौनो इथेच होता.

"तौन्या, बघ हे! तुझ्या चराचं पाणी माझ्या तळ्यात येतंय."

"अगं ताई, एवढं मोठं तळं, थोडं लालसर झालं तर काय बिघडलं?"

"मोठं आहे म्हणून काहीही ओतायचं? मासे मिळेनात रे! असंच चाललं तर मला घर सोडून शहरात जावं लागेल."

"आणि माझं जंगल?"

"कुठलं जंगल? इतक्या वर्षांत तुझे पाइन माझ्या गुडघ्याला लागले नाहीत. जंगल म्हणे!"

तौनोने त्या खुरट्या झाडांकडे पाहिलं आणि फावडं उचललं. मग दोघांनी मिळून ओंडके आणि माती घालून चर बुजवला. माझं पाणी पुन्हा चढलं. लेम्पी घाम पुसत म्हणाली, "चला, माझं तळं वाचेल आता."

तळं! बुजवलं माझं पोट आणि नाव त्याचं. बघा म्हणजे झालं!

ते अजून तपकिरीच आहे, निवळायला वेळ लागेल. माझं गेलेलं काही परत येणार नाही. उरलेलं मी घट्ट धरून बसले आहे. मित्रांनो, तळ्यांवर खुशाल जीव लावा, मी जळत राहीन. पण त्यांचं पाणी कुठून येतं, तेही एकदा वर जाऊन बघा. तिथे माझ्यासारखी एखादी काळी म्हातारी पडली असेल, तर तिला खणू नका. ती धरून ठेवते म्हणून तळं नितळ राहतं, आणि हे त्या लाडोबाला कोणी सांगतसुद्धा नाही.