पाकिटातलं भोक

"बघ, कसं लख्ख निघालंय." ड्वेनने टीपकागदावर वाळत घातलेलं तिकीट कौतुकाने दाखवलं.

व्हर्ना स्टकीने आधी तिकीट पाहिलं, मग सिंकजवळची बशी. बशीतलं पाणी तपकिरी झालं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ड्वेन तिचा धाकटा दीर, ड्रायफोर्क गावच्या तिकीटसंग्राहक मंडळाचा अध्यक्ष. दुपारच्या प्रदर्शनासाठी तिच्याकडचं पत्राचं जुनं पाकीट काचेखाली नीट लावून देतो म्हणून त्याने काल ते मागून नेलं होतं. याने जन्मभर सरकारी तिकिटं जमवली. तिकीट दिसलं की कात्रीने कापायचं, पाण्यात टाकायचं, डिंक काढायचा, एवढीच अक्कल. पण नेवाडाच्या या डोंगरांत सरकारी टपाल पोचत नव्हतं, तेव्हा खाजगी कंपन्यांचे घोडेस्वार पत्रं नेत. त्या कंपन्यांच्या तिकिटाचा सगळा जीव पाकिटात असतो. केर्न-हॅडली कंपनीकडे तर शिक्काही नव्हता. पत्र हाती देताना स्वार तिरकी सही ठोकायचा, अर्धी तिकिटावर, अर्धी पाकिटावर.

या पाकिटावरची सही एफ्राइम टोलिव्हरची होती. व्हर्नाचा पणजोबा. कंपनीच्या वह्या आगीत गेल्या, आणि एफ्राइम स्वार कसला, नुसती घोड्यांची लीद काढायचा, घरचे थापा मारतात, असं म्हणत गाव तीन पिढ्या हसलं. पोस्टाच्या खिडकीमागे नोकरी करतानाही तिने ते ऐकून घेतलं. तीस वर्षं धुंडाळल्यावर हे पाकीट तिच्या हाती लागलं. आज प्रदर्शनाचा परीक्षक ते पाहून एफ्राइमचं नाव गावातल्या स्वारांच्या स्मरणार्थ लावायच्या पितळी पाटीवर घ्यायचं की नाही, ते ठरवणार होता.

"सही कुठंय, ड्वेन?"

"ती शाई होय? डाग होता गं. गेला सगळा."

"आणि पाकीट?"

त्याने कचऱ्याच्या डब्याकडे मान उडवली. कॉफीचा चोथा आणि अंड्याची टरफलं बाजूला सारून तिने ते काढलं. कोपऱ्यात चौकोनी भोक, आणि भोकाच्या कडेला सहीचं शेपूट तेवढं उरलं होतं. आता मात्र ड्वेनचा चेहरा उतरला. तिकीट परत चिकटवू, तपकिरी शाई आपल्याकडे आहे, उरलेली सही आपणच ओढू, परीक्षकाला काय कळतंय, असं तो भराभर बोलू लागला.

"तीन पिढ्या आम्हाला थापाडे म्हणालात," व्हर्ना म्हणाली. "आज पहिल्यांदा खरंच थापाडं करायला निघालायस. ठेव ते तिकीट तुझ्याजवळ. लख्ख आहे ना?"

दुपारी ग्रंथालयात तिने पाकीट होतं तसंच काचेखाली ठेवलं. शेजारी पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'तिकीट कापून धुतलं: ड्वेन स्टकी, अध्यक्ष.' परीक्षकाने भिंगातून शेपटीकडे बराच वेळ पाहिलं. एवढ्यावरून नाव घेता येणार नाही, असं तो हळूच म्हणाला. तिने मान डोलावली.

ड्वेन दोनदा येऊन, चिठ्ठी तेवढी काढ, म्हणून विनवून गेला. व्हर्ना पाकिटाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. कुणी थांबलं की भोकाच्या कडेवर बोट ठेवून ती सांगायची, "एफ्राइम टोलिव्हर. इथून पुढे आहे, तेवढं त्याच्या हातचं आहे." पाच वाजेपर्यंत ती जागची उठली नाही.