मस्टरमधले चार दिवस

कामगार खात्याचे साहेब येऊन गेले आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. माणूस सभ्य होता. आवाज चढवला नाही, दिलेला चहाही प्यायला. मालकांसाठीची एक पुस्तिका टेबलावर ठेवली, हजेरीचं मस्टर चाळलं आणि विचारलं, "सोमवारीच शनिवारपर्यंतच्या सह्या?"

"हो," मी म्हणालो. "एकदा खळीत हात गेले की पानं चिकटतात ना."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. आमचं बुक-बाइंडिंगचं दुकान. हात कोरडे असतात तोवर आठवड्याच्या सह्या उरकायच्या आणि मग खळ ढवळायची, हे माझ्या वडिलांपासून चालत आलंय. त्यात कुणाचं काय बिघडलं, ते मला कळेना. साहेब मात्र सांगून गेले, पुढच्या सोमवारी येतो, प्रत्येकाच्या रजेची नोंद तयार ठेवा.

पुस्तिका मी तीनदा वाचली. दर वेळी आधी कळलेलंही कळेनासं झालं. सलग पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती. बरं. पण आमचे कटिंगवाले मास्तर दर वीस मिनिटांनी दारात उभं राहून रस्ता बघतात, ती विश्रांती धरायची की काम? मास्तरांनाच विचारलं. ते म्हणाले, "मालक, मी तिथे पात्याचा विचार करत असतो."

त्यातच मावशी रजा मागायला आल्या. मावशी आमच्याकडे चौदा वर्षं फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे जुडगे, शिवतात. बोलणं कमी, टाका सरळ. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. जावई बोटीवर नोकरीला, तो त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी घरी येणार.

"तेवढे तीस दिवस तिच्याजवळ कुणी नाही, भाऊ," मावशी म्हणाल्या. "ओल्या बाळंतिणीला एकटं कसं सोडू?"

मी पुस्तिका उघडली. घरच्या अडचणीसाठी संपूर्ण नोकरीत मिळून तीस दिवस पगारी रजा, असं त्यात स्पष्ट होतं. मला हायसं वाटलं. मग आठवलं आणि माझा चेहरा पडला.

"सव्वीस," मी म्हणालो. "यजमान गेले तेव्हा चार दिवस दिले होते ना तुम्हाला?"

हे चार दिवस म्हणजे माझा अभिमान. कायद्याचं नावही माहीत नव्हतं तेव्हा मी माणुसकीने दिलेले, पगारासकट. नऊ वर्षांत गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, मावशींसमोरच किती वेळा सांगितलं असेल. मावशींनी बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला. मग म्हणाल्या, "वरचे चार बिनपगारी द्या मग."

द्यायला माझी ना नव्हती. पण एका पानावर लिहिलं होतं की मालकाच्या संमतीने बिनपगारी रजा देता येते. आणि दुसऱ्या पानावर, हक्काच्या रजेपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिल्यास कामगाराने नोकरी सोडली असं समजावं. मी संमती दिली आणि साहेबांनी दुसरं पान काढलं, तर? मावशींनाही मी दोन्ही पानं वाचून दाखवली. इतकी घाबरलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

"म्हणजे चार दिवस जास्त राहिले तर नोकरी जाईल?"

"तसं नाही. म्हणजे तसंच असेल, असं नाही." मलाच माझं बोलणं समजेना.

निदान त्या चार दिवसांच्या तारखा तरी नोंदवाव्यात म्हणून मी त्या वर्षीचं मस्टर काढलं. आठवडा सापडला. मावशींच्या सहा सह्या, एका ओळीत, एकाच शाईच्या. सोमवारी केलेल्या. यजमान गेले मंगळवारी रात्री. सही म्हणते मावशी हजर, मी म्हणतो गैरहजर. सोमवारी साहेबांना काय दाखवू, माझं कपाळ?

"त्या आल्या होत्या वाटतं," मास्तर दारातून म्हणाले.

"कधी?"

"त्याच आठवड्यात. की पुढच्या? नमुना बघा ना, मालक."

प्रत्येक ऑर्डरची एक प्रत आम्ही फळीवर नमुना म्हणून ठेवतो. शिवणारी बाई मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने आपली खूण आणि तारीख टाकते, टाका उसवला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. मावशींची खूण म्हणजे छोटी चांदणी. त्या आठवड्यात एका शाळेची पाचशे प्रगतिपुस्तकं होती. मी धूळ झटकून पुठ्ठा उघडला.

चांदणी. खाली तारीख, बुधवारची.

शिळ्या खळीचा वास नाकात गेला आणि सगळं आठवलं. शाळेचा शिपाई माल न्यायला दारात बसला होता. मीच मास्तरांना मावशींच्या घरी पाठवलं होतं, दोन तास येता येईल का विचारायला. मावशी आल्या, सुई ओवून बसल्या आणि शिवायला लागल्या. गुरुवारी आल्या. शुक्रवारी, शनिवारीही आल्या. चार दिवस मी द्यायचं ठरवलं होतं, आणि ठरवलं म्हणजेच दिलं, असं धरून बसलो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुस्तक घेऊन मी मावशींसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चांदणी बघितली, तारखेवरून बोट फिरवलं.

"तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"सुरुवातीला राग यायचा," मावशी म्हणाल्या. "मग तुम्ही इतक्यांदा सांगितलंत, भाऊ, की मलाच वाटायला लागलं, दिले असतील. दुःखात माणसाला कुठे आठवतं नीट? लेकीलाही मी तेच सांगत आले, चार दिवस तुझ्याजवळ होते म्हणून. ती म्हणायची, आई, मला कशी तू घरात आठवत नाहीस?"

मी रजेच्या अर्जावर आधी घेतलेली रजा शून्य असं लिहिलं. मंजूर रजा, तीस. अर्ज मावशींपुढे सरकवला.

"आता लेकीला सांगते," मावशी म्हणाल्या आणि सही करायला त्यांनी पदराला हात पुसले. "तिचं बरोबर होतं म्हणून."