कंपनीच्या बसमधले पाच तारे

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. किती जुना ते माझ्या पाठीवरून कळेल. तिथे अजून डिंक आहे. चाकणच्या कारखान्यात आत शिरताना आतले फोटो कोणी काढू नयेत म्हणून गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, बाहेर पडताना काढतात. वर्षानुवर्षं हे चाललं आणि माझी नजर अधू झाली. आता मला जग थोडं धुक्यातलं दिसतं. चाकणच्या धुरात त्याने फारसं काही बिघडत नाही.

माझे मालक भीमराज. चाकणच्या एका कंपनीत ते गाड्यांचे दरवाजे बसवतात. राहायला रहाटणीत. तेव्हा घर एका खोलीचं होतं आणि त्यांची पहिली शिफ्ट असायची. गजर वाजायच्या आधीच ते तो बंद करायचे. मग माझा टॉर्च लावायचे आणि लगेच त्यावर तळहात ठेवायचे, म्हणजे बोटांच्या फटीतून लालसर, जेमतेम उजेड पडायचा. त्या उजेडात डबा घ्यायचा, बूट हातात धरायचे आणि दाराबाहेर जाऊन पायात घालायचे. कारण कोपऱ्यात त्यांची लेक आम्रपाली झोपलेली असायची. एवढा जपून वापरलेला टॉर्च आमच्या जातीत दुसरा नसेल.

पुढे घर दोन खोल्यांचं झालं, नवा फोन आला आणि मी कपाटात गेलो. तिथे मी, एक तुटका चष्मा आणि टीव्हीचा रिमोट असे राहत होतो. रिमोटचा टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता, पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी आम्रपालीने मला बाहेर काढलं. ती आता हिंजवडीला कॉम्प्युटरची नोकरी करत होती आणि घरी आल्यावर स्वतःचा एक गेम बनवत होती. एकटीच.

"याच्यावर चालला, तर कशावरही चालेल," ती म्हणाली.

आयुष्यात माझं जे काही कौतुक झालं, ते एवढंच. मी त्यावर समाधानी आहे.

गेमचं नाव 'हळू ब्रेक'. त्यात गोळीबार नाही, राक्षस नाही. कंपनीची बस आहे. पहाटे रहाटणीतून निघायचं, स्टॉपवरची माणसं घ्यायची आणि खड्डे, ट्रक, सिग्नल चुकवत चाकणला पोचायचं. अट एकच. बसमधलं कोणीही जागं होता कामा नये. ब्रेक जोरात लागला की सगळे डोळे उघडतात आणि तुम्ही हरता.

गेम बनवणं सोपं, तो स्टोअरवर चढवणं अवघड, हे मला तेव्हा कळलं. स्टोअर म्हणजे ते ऑनलाइन दुकान, जिथून तुम्ही गेम उतरवून घेता. त्याला आधी आम्रपालीचं ओळखपत्र हवं होतं. मग गेमचं चित्र, मग ठरावीक मापाचं चित्र, मग त्याच चित्राचं दुसरं माप. गेममध्ये जुगार आहे का? रक्त आहे का? नाही. मग आहे तरी काय, असं स्टोअरने विचारलं नाही, पण त्याच्या मनात ते असावं. गेम खेळणाऱ्यांची कोणती माहिती गोळा करता, हे जाहीर करणारं पान नाही म्हणून एकदा गेम परत आला. काहीच गोळा करत नाही, असं सांगणारं लांबलचक पान तिला लिहावं लागलं.

शेवटी परवानगी आली. आम्रपाली खुर्चीत बसूनच राहिली. भीमराजांनी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला खिशात घातलं. नव्या फोनमध्ये गेमला जागा नव्हती, तिथे 'शुभ सकाळ'ची चित्रं राहत होती.

बसमध्ये त्यांनी जाहीर केलं, "आपल्या आम्रपालीचा गेम स्टोअरला लागला! सगळ्यांनी पाच तारे द्यायचे."

"द्या की! तारे काय आपल्या बापाचे हायत?" सोनबा म्हणाला. तो मूळचा रहाटणीचाच.

"भाऊ, आधी खेळून तर बघू," सुजित हळूच म्हणाला. तो वेल्डिंगला नवीन लागला होता.

"खेळायला येळ कुठंय? मग झोपायचं कवा?"

मुद्दा बिनतोड होता. कोणाच्या फोनमध्ये नेट नव्हतं, कोणाच्या फोनमध्ये जागा नव्हती. मग भीमराजांनी उपाय काढला. प्रत्येकाचं खातं माझ्यातच उघडायचं, तारे द्यायचे आणि मला पुढच्या सीटवर सरकवायचं. पासवर्डसाठी घरी फोन करून बायकांना उठवलं, पोरांना उठवलं. काय लिहायचं ते सुचेना, म्हणून सुजितने एकदाच लिहिलं, 'खूप छान. अशीच प्रगती करा.' तेच सगळ्यांनी चिकटवलं. अख्खी बस माझ्यातून गेली. एवढी माणसं माझ्यावर एकाच दिवशी कधी खूश झाली नव्हती.

फक्त पॅकिंगच्या इंदुताईंनी मला पुढे ढकललं. "माझं मी घरी जाऊन टाकते. दुसऱ्याच्या फोनात माझं नाव कशाला?"

"बाई लई शिष्ट," सोनबा म्हणाला आणि झोपला.

दोन दिवसांनी स्टोअरची मेल आली. एकाच फोनवरून, एकाच वेळी, एकाच वाक्यात अनेकांनी स्तुती केली आहे. ती माणसं खोटी असावीत. गेम तूर्त काढला आहे. योग्य खुलासा न आल्यास खातं कायमचं बंद होईल आणि पुन्हा कधीही उघडता येणार नाही.

आम्रपालीने ती मेल दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"पप्पा, काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. सपोर्ट केला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त लॅपटॉप मिटला. भीमराज त्या रात्री जेवले नाहीत. "माझ्यामुळं पोरीची मेहनत गेली," एवढंच ते म्हणत राहिले.

पण खुलासा तर द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी भीमराजांनी माझ्या धुरकट डोळ्याने बसचा एक फोटो काढला. सगळे झोपलेले. सोनबाचं तोंड उघडं, सुजितचं डोकं खिडकीला. आम्रपालीने तो फोटो आणि गेममधल्या बसचं चित्र शेजारी शेजारी लावलं आणि लिहिलं, 'ही माणसं खोटी नाहीत. चूक झाली ती प्रेमातून झाली. तारे काढून टाका, पण माझा गेम याच माणसांवर आहे, तो काढू नका.'

मग वाट पाहणं आलं. सोनबा रोज विचारायचा, "आलं का रं काई?" आणि भीमराज मान हलवायचे.

अखेर उत्तर आलं. गेम परत लागला. माझ्यातून दिलेले सगळे तारे पुसले गेले. शेवटची ताकीदही मिळाली. स्टोअरला फोटो पटला की झोप आली, ते कळायला मार्ग नाही.

गेमच्या पानावर आता एकच अभिप्राय उरला होता. इंदुताईंचा. त्यांनी तो स्वतःच्या फोनवरून दिला होता. तारे दोन.

'चौथ्या सीटवरची जांभळ्या स्वेटरची बाई मीच आहे, हे कोणीही ओळखेल. चाकण आलं की ती घोरते. मी घोरत नाही. शेवटचा भाग बघून रडू आलं म्हणून दोन तारे, नाहीतर एकच दिला असता.'

भीमराज तापले. बसमध्ये त्यांनी इंदुताईंची सीट गाठली. "ताई, लेकीसारखी पोरगी ती. एकच अभिप्राय उरलाय, तोही असा?"

"शेवटचा भाग बघितलात का भाऊ?"

भीमराज खिशात मला चाचपू लागले.

"पाच तारे दिलेत, अन् बघितला नाही?"

"वेळ..."

"मग आधी बघा. भांडायला नंतर या. मी पॅकिंगलाच असते."

त्या दिवसापासून भीमराज बसमध्ये झोपेनात. खरी बस घोरत असायची आणि ते माझ्यावर खोटी बस चालवायचे. ब्रेक जोरात लागायचा, माझ्यातली माणसं जागी व्हायची आणि भीमराज त्यांना "सॉरी, सॉरी" म्हणायचे. मी गरम व्हायचो, मध्येच अडकायचो. पण एका सकाळी ते जमलं. सगळे झोपेतच चाकणला पोचले.

मग शेवटचा भाग उघडला. त्यात बस नव्हती. एक खोली होती, काळोखी. कोपऱ्यात पांघरुणात एक मुलगी होती. एका माणसाला डबा घेऊन दारापर्यंत जायचं होतं, मुलीला न उठवता. त्याच्या एका हातात बूट होते. दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि बोटांच्या फटीतून लालसर, जेमतेम उजेड येत होता.

मित्रांनो, तो मोबाइल मी होतो.

भीमराजांनी त्या माणसाला दारापर्यंत नेलं. इतकं हळू की मला वाटलं मीच बंद पडलो. दार लागल्यावर पांघरूण हललं. मुलगी कुशीवर वळली. तिचे डोळे उघडे होते.

बस कंपनीच्या गेटवर पोचली तेव्हा भीमराजांनी मला खिशात घातलं. उतरताना इंदुताईंना फक्त म्हणाले, "बघितला."

"मग?"

"तुम्ही घोरता ताई. पण मी तिला सांगतो बदलायला."

मग आम्रपालीने गेम सुधारला. चौथ्या सीटवरची बाई आता घोरत नाही. इंदुताईंनी तीन तारे केले आणि लिहिलं, 'खिडकीची सीट द्यायला हवी होती.' या बाई खरंच घोरतात का, हे बघायला काही अनोळखी लोक गेम खेळू लागले आहेत. फार नाहीत. पण ते शेवटपर्यंत खेळतात.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. जुना फोन कपाटात टाकाल तेव्हा जरा पुसून टाका. आणि आपल्या माणसाने काही केलं, तर तारे सावकाश द्या. आधी ते शेवटपर्यंत बघा. आपल्याला ठाऊक नसतं, त्यात कुठेतरी आपणच असतो.

मी आता टेबलावर असतो. परवा पहाटे भीमराज उठले. सवयीने त्यांनी माझा टॉर्च लावला, त्यावर तळहात ठेवला, बूट हातात घेतले आणि निघाले.

आतून आवाज आला, "पप्पा, लाइट लावा. मी जागीच आहे."